‘इकडे’ सापडत नाही

आमच्या घरात दोन स्पीकर आहेत. एक स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, आणि दुसरा बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर. दोन्ही एकाच मापाचे, राखाडी कापडाने मढवलेले, पिठाच्या डब्याएवढे. वायर फक्त विजेची. गाणी वायफायवरून येतात. बायको शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली तेव्हा लेकीने दिले होते. फोनमधल्या अ‍ॅपने त्यांची नावं विचारली तेव्हा बायको स्वयंपाकघरात उभी होती, म्हणून स्वयंपाकघरातला ‘इकडे’ झाला आणि बाहेरचा ‘तिकडे’.

मी तेव्हाच सांगितलं होतं की ही नावं चुकीची आहेत. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधायचं काम केलं. खांबाला किंवा तारेला असं नाव देऊन चालत नाही, जे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर बदलेल. मी बाहेरच्या खोलीत बसलो की माझं इकडे म्हणजे तिचं तिकडे.

“मग तुम्ही इकडे येऊन बसा,” ती म्हणाली. “घोळच मिटला.”

नावं तीच राहिली. रोज चारच्या आसपास ती दोन्हीकडे एकच गाणं लावायची. ती ओट्यापाशी काहीतरी करत असायची आणि मी वेताच्या खुर्चीत पडलेला असायचो. मधल्या पॅसेजमध्ये भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहिलं की दोन्हीकडचा आवाज सारखा यायचा. गाणं कुठून येतंय ते तिथे कळत नसे.

त्या स्पीकरना हाक मारायचीही सोय आहे. वरचं बटण दाबून बोलायचं. दुसऱ्या खोलीतलं गाणं हळू होतं आणि आपला आवाज तिथे ऐकू येतो. ती चहा झाला की बटण दाबायची. “अहो, ऐकलंत का?” मी उठून फळीपर्यंत जायचो, बटण दाबून “आलो” म्हणायचो आणि परत खुर्चीत बसायचो.

“तुमच्या ‘आलो’ म्हणण्यात आणि येण्यात एक कप थंड होतो,” असं ती पाहुण्यांना सांगायची.

एकशे सतरा दिवसांपूर्वी ती स्वयंपाकघरात पडली. मी बाहेर झोपलो होतो, गाणं चालू होतं. पाच वाजता जाग आली. चहाची हाक आली नाही म्हणून आत गेलो. डॉक्टरांनी कागदावर चार ते सव्वाचार अशी वेळ लिहिली. लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. याचा अर्थ मला कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. तिने एकच प्रश्न विचारला.

“बाबा, आईने हाक नाही मारली?”

“स्पीकर एकमेकांना सापडत नव्हते,” मी म्हणालो. “बिघाड होता.”

हे कसं तोंडातून आलं ते मला आजही सांगता येणार नाही. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो, लाइनमध्ये बिघाड आहे, लाइनमध्ये बिघाड आहे. तेच आलं. मग तेच मी बहिणीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि सांगून सांगून ते सिमेंटसारखं घट्ट बसलं. खरं म्हणजे त्या दिवशी स्पीकर चालू होते की नव्हते हे मी बघितलंच नव्हतं. मी झोपलो होतो, इतकंच मला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला.

“बाबा, मी त्या कंपनीला लिहितेय. सोडणार नाहीये मी त्यांना. हाक मारायची सोय आहे म्हणून विकता ना? मग ती ऐन वेळी चालायला नको?”

“जाऊ दे गं.”

“जाऊ दे काय? तुमचं सगळं आयुष्य फॉल्ट शोधण्यात गेलं, हा एक शोधून द्या मला. नक्की काय बिघडलं होतं ते लिहून द्या. शनिवारी येतेय मी, तेव्हा सही करून पाठवू.”

फोन ठेवल्यावर मी ते अ‍ॅप उघडलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. यादीत फक्त ‘तिकडे’ होतं. खाली करड्या अक्षरांत एक ओळ होती: ‘इकडे’ सापडत नाही.

मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. खरोखरच बिघाड होता तर. तो आजचा असेल, पण आज आहे तर तेव्हाही असू शकेल. आता दुसऱ्या कोणीतरी तो बघून मान्य करायला हवा होता, म्हणून मी पन्नासला बोलावलं.

पन्नास म्हणजे पन्नास व्होल्ट. आम्ही एकाच विभागात होतो. टेलिफोनच्या तारेत साधारण पन्नास व्होल्ट असतात आणि हा मीटर न लावता बोटाला थुंकी लावून तार तपासायचा. तेवढ्यात घंटी वाजली तर नव्वद व्होल्टचा झटका बसून तो शिवी द्यायचा, आणि आम्ही लिहायचो, लाइन चालू. निवृत्तीनंतर तो घरोघरी इंटरनेट जोडून देतो.

तो बुधवारी दुपारी दोनला येणार होता. आदल्या दुपारी मी नेहमीसारखा वेताच्या खुर्चीत झोपलो. ती गेल्यापासून मी रोज त्याच वेळी झोपतो आणि स्वप्नही बहुतेक तेच पडतं. आमच्या जुन्या एक्सचेंजची लांब खोली असते. रांगांमधून बारीक टकटक चालू असते, परातीत तांदूळ ओतल्यासारखी. दुपारचं पिवळं ऊन जमिनीवर असतं आणि कामावर कोणीही नसतं. मी एका लाइनवर तपासणीचा फोन लावून विचारत असतो, “कोण आहे तिकडे?” उत्तर येत नाही, पण लाइन मेलेली नसते. उघड्या लाइनला एक खोली असते, विहिरीत वाकून बोलल्यासारखी. पलीकडे जागा आहे हे कळतं. मी पुन्हा विचारतो. पाच वाजता जाग येते तेव्हा घसा कोरडा असतो.

बुधवारी पन्नास आला, पाणी प्यायला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “वाळलास. मीच तुला खांब समजून चढलो असतो.”

मी त्याला यादी दाखवली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“इकडे सापडत नाही. आता इकडे म्हणजे?”

“आत. स्वयंपाकघरात.”

“मग तिकडे म्हण ना.”

“तिकडे म्हणजे हा, इथला.”

“वहिनींनी ठेवली होती का रे नावं?”

“हो.”

“मग बरोबरच असतील,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

आमची पद्धत जुनी आहे. लाइन मधोमध धरायची आणि दोन्हीकडे ऐकायचं. ज्या अर्ध्यात खराबी असेल ते अर्धं घ्यायचं आणि पुन्हा मधोमध धरायचं. इथे मधोमध राउटर होता, पॅसेजमध्ये घड्याळाच्या वर. पन्नास स्टुलावर चढला. माझा फोन आणि बाहेरचा स्पीकर एकाच वायफायवर होते. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय बंद होतं. यंत्रांना एकमेकांपासून लपवणारी एक सोय असते, तीही बंद होती.

“हे कसं चालतं सांगतो,” तो वरूनच बोलला. “यात तार नाही, त्यामुळे कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. मग एक ओरडतं, अरे, कोण कोण आहे? जे असतात ते म्हणतात, मी आहे, मी आहे. त्याची यादी होते. जाणारा शहाणा असेल तर सांगून जातो आणि यादीतून नाव निघतं. न सांगता गेला, तर बाकीचे थोडा वेळ त्याला आहेच समजून चालतात.”

मी स्टूल धरून ठेवलं. तो खाली उतरला.

स्वयंपाकघरात गेल्यावर मिनिटभरातच त्याची हाक आली. “अरे लेका, इकडे ये.”

मी गेलो. त्याने वायर हातात धरली होती.

“प्लगच काढलेला आहे. याला सापड म्हणून किती ओरडलास तरी हा काय बोलणार?”

“बहिणीने काढला असेल. ती आली होती तेव्हा. मिक्सर लावायला.”

“मिक्सरचा प्लग पलीकडे आहे,” पन्नास म्हणाला. मिक्सर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्या वर त्याचं स्वतःचं बटण होतं. त्या बटणावर बायकोने चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा होती.

त्याने प्लग लावला. स्पीकरवर पांढरा ठिपका उमटला. माझ्या फोनवरची करडी ओळ काळी झाली आणि यादीत दोन नावं आली. पन्नासने बटण दाबून “हॅलो, टेस्ट” म्हटलं ते बाहेरच्या खोलीतून स्वच्छ ऐकू आलं. मग तो बाहेर गेला आणि तिथून बोलला. तेही आलं.

“फॉल्ट नाही,” तो म्हणाला. “शंभर टक्के फॉल्ट नाही. चहा टाक.”

मी चहा टाकला नाही. ओट्याला धरून उभा राहिलो. मग मी त्याला सगळं सांगितलं. लेकीला काय बोललो ते, ती काय लिहिणार आहे ते, आणि त्या दुपारी मी झोपलो होतो ते. सांगायला फार वेळ लागला नाही. तो स्टुलावर बसून ऐकत होता. हातातला स्क्रूड्रायव्हर तो पॅन्टला पुसत राहिला.

“बघायचंय का तुला?” त्याने विचारलं.

“काय?”

“हाकांची नोंद राहते यात. खोल कुठेतरी ठेवतात. एकशे वीस दिवस राहते, मग पुसली जाते. नको असेल तर तीन दिवस थांब. आपोआप जाईल.”

खात्यात असतो तर मी थांबलो नसतो. मी म्हणालो, बघ.

आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो, तो मोड्यावर आणि मी वेताच्या खुर्चीत. त्याने माझ्या फोनवर तीन-चार ठिकाणी बोट लावलं आणि नोंद उघडली. सगळ्यात जुनी पानं खाली होती. मधलं न वाचता तो थेट तळापर्यंत सरकवत गेला. ती तारीख आली.

४:०८. इकडे ते तिकडे. पोचली.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिने हाक मारली होती आणि ती या खोलीत, माझ्यापासून सहा फुटांवर वाजली होती. इतके दिवस जे कळायला नको होतं ते कळलं, आणि गंमत म्हणजे छातीत काहीच झालं नाही. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलचं स्टँड लावलं, तेवढं ऐकू आलं.

“थांब,” पन्नास म्हणाला. “वर आणखी एक आहे.”

४:०८. तिकडे ते इकडे. पोचली.

“तू उत्तर दिलंस,” तो म्हणाला.

“मी झोपलो होतो.”

“झोपेत बोलला असशील.”

“बटण दाबायला उठावं लागतं.”

“झोपेत उठला असशील.”

“मी उठलो तो पाचला.”

त्याने फळीकडे बघितलं, मग खुर्चीकडे. अंतर डोळ्यांनी मोजत होता. “घरात आणखी कोण होतं?”

“आम्ही दोघंच.”

तो पान वर सरकवू लागला. त्यानंतरच्या दिवसांत हाका असायचं काही कारण नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी एक ओळ होती. ४:०८, तिकडे ते इकडे, पोचली. तिसऱ्या दिवशीही होती. चौथ्या दिवशीही. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पंधरा-वीस जण असायचे, आणि त्यांच्यातला कोणी फळीपाशी जाऊन बटण दाबल्याचं मला आठवत नाही. आत स्वयंपाकघरात माझी बहीण असायची. पाचव्या दिवशी, ठरलं होतं त्याच्या आधीच, ती अंग दुखतंय म्हणून परत गेली होती. जाताना तिने मला आत झोपायला सांगितलं होतं. खुर्चीत नको, म्हणाली होती.

पाचव्या दिवसापासून ओळ बदलली. ४:०८. तिकडे ते इकडे. ‘इकडे’ सापडत नाही.

तीच ओळ रोज होती. पन्नास बोट सरकवत राहिला आणि ती येत राहिली. शेवटची कालची होती.

त्याने फोन माझ्या मांडीवर ठेवला. तो फार हळू आपली पिशवी भरू लागला. एकेक अवजार उचलून बघत होता, जणू ते आपलंच आहे ना याची खात्री करत होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

“चल माझ्याकडे,” तो म्हणाला. “ही आज घरीच आहे. जेवूनच परत ये.”

“नको.”

“मग प्लग काढून ठेवू?”

“नको.”

दारात त्याने चपला घातल्या. “बरं,” तो म्हणाला. “जातो मी.”

आपल्यात कोणी जातो म्हणत नाही. येतो म्हणतात. एकतीस वर्षांत मी त्याला खांबावर चढतानासुद्धा येतो म्हणताना ऐकलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तो जिन्यात क्षणभर थांबला, पण बदलून बोलला नाही.

मी लेकीला फोन लावला.

“ते पत्र पाठवू नकोस,” मी म्हणालो. “बिघाड नव्हता. मी तुला खोटं सांगितलं. मी झोपलो होतो.”

 तिच्या ऑफिसमधला छापायच्या मशीनचा आवाज येत होता. मग तो कमी झाला. ती बाहेर येऊन उभी राहिली असावी.

“मग आईने हाक मारली होती?”

“मारली होती. पोचली होती.”

“आणि तुम्ही?”

“उत्तर गेलेलं आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे तुम्ही दिलंत?”

“नाही.”

“बाबा, मग कोणी दिलं?”

मी घड्याळाकडे बघितलं. ती वाट बघत होती. शेवटी तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, “तुम्ही जेवताय ना वेळेवर?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, मी शनिवारी नाही, उद्याच येते. तिचा आवाज रागाचा नव्हता. मी ज्याला चार महिने भीत होतो ते झालं होतं, आणि ते इतकंच होतं.

चार वाजले. मी बाहेरच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. दाराला आतून कडी घातली. खुर्चीवरची उशी काढून कपाटात ठेवली, का ते माहीत नाही. खोली रिकामी आहे हे मी डोळ्यांनी बघितलं, पलंगाखालीसुद्धा. मग दोन्हीकडे गाणं लावलं, तिचं नेहमीचं, आणि पॅसेजमधून आत गेलो. घड्याळाखाली दोन्ही आवाज सारखे झाले आणि मला वाटलं की मी पाण्यातून चालतोय, कोणीतरी धरून नेतंय. स्वयंपाकघरात ऊन ओट्यावर आलं होतं. तिथे ती उभी राहायची त्या जागी फरशी थोडी गुळगुळीत झाली आहे. मी तिथे उभा राहिलो.

मला काय हवं होतं ते मला स्पष्ट होतं. मला फक्त विचारायचं होतं.

चार वाजून आठ मिनिटांनी स्वयंपाकघरातलं गाणं हळू झालं.

कापडामागून आधी ती खोली आली, उघड्या लाइनची. मग खुर्चीच्या वेताचा कुरकुर आवाज. मग कोणीतरी बोललं.

“कोण आहे तिकडे?”

तो माझा आवाज होता. माणसाला आपला आवाज ओळखू येत नाही म्हणतात, पण मी तो लाइनवर हजारदा ऐकला आहे. थकलेला नव्हता. रोज विचारायची सवय असल्यासारखा होता, उत्तराची अपेक्षा नसलेला.

मी बटण दाबलं.

“मी आहे,” म्हणालो.

वेत पुन्हा कुरकुरला.

“मी कोण?”

 मी माझं विचारलं.

“त्या दिवशी तिने हाक मारली होती का?”

“मारली होती की,” तो म्हणाला. “मी लगेच गेलो.”

त्याने ते साधेपणाने सांगितलं. त्यात बढाई नव्हती. हाक ऐकू आली, उठला, पॅसेजमधून चौदा पावलं चालला, इतकं सोपं.

मी बटणावरचं बोट काढलं नाही. काढता आलं नाही.

मग त्याच्या मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

“अहो, कोणाशी बोलताय?”

ती होती.

“स्वयंपाकघरात कोणीतरी आहे,” तो तिला म्हणाला. “आज बोललं.”

ती फळीजवळ आली. तिचा श्वास मला ऐकू आला. जिना चढून आल्यावर असायचा तसा.

“बोलू नका त्यांच्याशी,” ती हळू म्हणाली. “बंद करा ते. ते इकडे आले म्हणजे?”

पोस्टमन, मीटर बघणारा, दारावर आलेला कोणीही, तिच्या तोंडी ‘तो’ असायचा. ‘ते’ ती फक्त माझ्याबद्दल बोलताना म्हणायची.

ती घाबरली होती. तिला हे बंद व्हायला हवं होतं.

मी लगेच प्लग काढला.

पांढरा ठिपका विझला. गाणं थांबलं, बाहेरच्या खोलीतलंसुद्धा. वायर माझ्या हातात होती आणि ऊन ओट्यावर होतं तिथेच होतं. मी हललो नाही.

तेव्हा ती बोलली. कापडातून नाही. माझ्या डाव्या खांद्यापाशी, गॅसजवळून, अगदी दबक्या आवाजात.

“गेले का ते?”

तिला कळू नये म्हणून मी श्वास रोखून धरला.